आकडा काढला तर खेळ उरतो का?

मुलांकडून घरी गणिताचा सराव कसा करून घ्यावा, हा विषय निघाला की पालकांचे लगेच दोन तट पडतात. पहिल्या तटाचं म्हणणं असं, की पाढे पाठ झालेच पाहिजेत, रोज बेरजा-वजाबाक्यांचं एक पान भरलंच पाहिजे. आम्ही असेच शिकलो, आमचं काय बिघडलं? दुसऱ्या तटाला घोकंपट्टीचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. शिकणं आनंदाचं हवं, म्हणून ते मुलाच्या हाती एखादं ॲप ठेवतात. बरोबर उत्तराला एक तारा, दहा तारे झाले की राक्षस पळाला. दोन्हीकडचे लोक मुलाच्या भल्यासाठीच तावातावाने बोलत असतात, यात शंका नाही. पण या वादाचा पायाच मला चुकलेला वाटतो. दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे: आकडेमोड मुळातच कडू असते. एक म्हणतो, कडू असली तरी गिळ. दुसरा म्हणतो, थांब, साखर लावून देतो. ती खरोखर कडू आहे का, हे चाखून बघायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलाला सराव हवा, भरपूर हवा, आणि तो मजेचा होऊ शकतो. पण ती मजा बाहेरून आणून आकड्यांना चिकटवायची नसते. आकडे एकमेकांशी जसे वागतात त्यातच ती असते. घरात येणारा कुठलाही खेळ, ॲप किंवा तक्ता पारखायला एक प्रश्न पुरतो: यातून आकडे काढून घेतले तर खेळ उरतो का? ७ + ५ चं उत्तर द्या आणि मग फुगा फोडा, असा खेळ घ्या. आकडे काढले तरी फुगे फोडणं जसंच्या तसं राहतं. उलट मध्ये कुणी अडवत नाही म्हणून जास्तच रंगतं. म्हणजे त्या मुलाच्या लेखी ७ + ५ हा मजेच्या वाटेवरचा अडसर आहे, आणि आपणच तो तिथे आणून ठेवला आहे. आता दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेइतकी घरं पुढे जाण्याचा खेळ घ्या. यातून आकडे काढले तर पुठ्ठा आणि सोंगट्या उरतात, खेळ उरत नाही. या दुसऱ्या खेळात मूल बेरीज करतं ते पुढे जाण्यासाठी. बेरीज हेच त्याचं पाऊल असतं.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. इंग्लंडमधल्या जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ या संशोधकांनी एकाच संगणकीय खेळाच्या दोन आवृत्त्या मुलांना दिल्या. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत चालून येणाऱ्या सांगाड्यांच्या छातीवर संख्या होत्या आणि त्या संख्येला निःशेष भाग जाईल असाच वार निवडावा लागे. दुसरीत लढाई तीच, पण आकड्यांशिवाय. भागाकाराचे प्रश्न टप्पा संपल्यावर वेगळे विचारले जात. पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. आणि फावल्या वेळात हवं ते खेळा म्हटल्यावर त्यांनी दुसरीच्या मानाने सातपट वेळ पहिलीवर घालवला. गणित बाजूला ठेवलेली आवृत्ती मुलांना जास्त आवडेल, असा आपला सगळ्यांचा अंदाज असतो. तो इथे साफ उलटा ठरला.

बक्षिसांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो. बक्षीस दिल्याने मूळची आवड मरते, हे सांगताना सगळे १९७३ सालच्या एका प्रयोगाचा दाखला देतात. त्यात मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या काही मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगून ते दिलं, आणि काही आठवड्यांनी त्या मुलांचा चित्र काढण्यातला वेळ इतरांच्या निम्म्यावर आला. पण ती मुलं मुळात चित्रकलेची आवड असलेलीच निवडली होती. ज्याला गणिताच्या वहीचा आधीच तिटकारा आहे, त्याची कुठली आवड मरणार? दोन ताऱ्यांच्या लालचीने का होईना, तो बसला तर काय वाईट? मुद्दा रास्त आहे, आणि सुरुवातीच्या ढकलण्यापुरता तो मी मान्यही करतो. पण बक्षीस एकदा रोजचं झालं की मूल काय शिकतं ते पाहा. तारे मिळवायचे असतील तर सगळ्यात सोपी पातळी पुन्हा पुन्हा खेळणं हाच शहाणपणा ठरतो. चार पर्यायांपैकी एक पटकन दाबायचा, चुकलं तर दुसरा. यात मुलाचा आळशीपणा शोधू नये. आपण मांडलेल्या व्यवहारात ते अगदी तर्कशुद्ध वागत असतं. त्याला आपण तारे जमवण्याचा सराव देत आहोत, आणि ते तारे जमवण्यात तरबेज होत आहे.

गणित आणि खेळ एकत्र आणणं ही मोबाइल आल्यावर सुचलेली कल्पना आहे, असंही कुणी समजू नये. प्लेटोने ‘लॉज’ या संवादाच्या सातव्या भागात इजिप्तच्या मुलांचं उदाहरण दिलं आहे: तीच सफरचंदं किंवा तेच हार कधी जास्त मुलांत, कधी कमी मुलांत वाटायचे, आणि या वाटपातूनच हिशेब शिकायचा. बाराव्या शतकात, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली. तिच्यातल्या भुंग्यांच्या गणितात थव्याचा पाचवा भाग एका फुलावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर जाते आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहतो. तर एकूण भुंगे किती? उत्तर १५. आता या श्लोकातून अपूर्णांक काढून टाका. काय उरलं? एक फुलबाग, जिच्यात काहीच घडत नाही. आणि हाच ग्रंथ पद्यात आहे, म्हणजे पाठ करण्यासाठी रचलेला आहे. पाठांतर आणि कोडं, दोन्ही एकाच श्लोकात. ज्या दोन गोष्टींवरून आपण आज भांडतो आहोत, त्या भास्कराचार्यांना परस्परविरोधी वाटल्या नव्हत्या.

आता घोकंपट्टीच्या बाजूची सगळ्यात बळकट गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. माणसाला एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलेल्या अंदाजानुसार साधारण चार. ३६ × ७ करणाऱ्या मुलाला ३ × ७ चे २१ बोटांवर मोजून काढावे लागले, तर हातचे चार कुठे ठेवले होते हे तोवर निसटलेलं असतं. पुढे अपूर्णांक आले, समीकरणं आली की हे मूल कल्पनेशी झगडत नसतं, बेरजेशी झगडत असतं. आणि आपण म्हणतो, याला बीजगणित समजत नाही. तेव्हा मूलभूत बेरजा आणि गुणाकार न अडखळता आठवले पाहिजेत, यावर तडजोड नाही. नुसत्या संकल्पनेवर भागत नाही याचा मोठा धडा इतिहासातही आहे. १९५७ साली सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेला आणि हादरलेल्या अमेरिकेने शाळेतलं गणित नव्याने मांडायला घेतलं. प्राथमिक वर्गांत संच आले, दहाऐवजी दुसऱ्या पायांवरच्या संख्या आल्या. मुलांना गणिताची रचना कळावी हा हेतू थोर होता. पण घरी पालकांना मुलांची वही कळेना, साध्या आकडेमोडीत मुलं मागे पडत असल्याची ओरड झाली, आणि सत्तरच्या दशकात लंबक पुन्हा पाठांतराकडे गेला.

पण पाठ व्हायला हवं हे मान्य केलं म्हणजे घोकायला हवं हेही आपोआप मान्य होतं का? इथे पहिल्या तटाची गफलत होते. एक ते दहाचा गुणाकाराचा तक्ता घ्या. शंभर चौकटी. दहा वेगळे पाढे म्हणून घोकणारं मूल शंभर सुटी वाक्यं पाठ करत असतं. पण ३ × ८ आणि ८ × ३ एकच, हे त्याने तीन ओळींत आठ-आठ किंवा आठ ओळींत तीन-तीन ठिपके मांडून स्वतः पाहिलं, तर शंभराचे पंचावन्नच उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे गुणाकार जवळजवळ प्रत्येक मुलाला चटकन येतात. ते वगळा, उरले एकवीस. नवाचा गुणाकार म्हणजे दहापट वजा एकपट, हे कळलं की उरले पंधरा. त्यातला सगळ्यात छळणारा ७ × ८ सुद्धा पाच आठ चाळीस आणि दोन आठ सोळा असा जोडून छप्पन होतो. शंभर आणि पंधरा यांतला हा फरक मुलाला स्वतः शोधू देणं, तक्त्यावरची एकेक चौकट रंगवून ‘ही गेली’ म्हणू देणं, यात जी गंमत आहे ती कुठल्या राक्षसात आहे? आणि उरलेल्या पंधरांसाठी खुशाल पाठांतर करावं. रोज दोन-तीन मिनिटं, एका वेळी दोनच, आणि मध्ये दिवस जाऊ देऊन पुन्हा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की एका बैठकीत उरकलेल्या पाठांतरापेक्षा अंतर ठेवून केलेलं पाठांतर टिकतं. सुट्टीच्या दिवशी तासभर घोकून घेणारे पालक मेहनत पुष्कळ करतात, पण ती वाया जाते.

घोकंपट्टीचा जुळा भाऊ म्हणजे घड्याळ. ‘एका मिनिटात किती सोडवतोस बघू!’ काही मुलांना हे आवडतं, त्यांना खेळू द्यावं. पण सरसकट सगळ्यांवर हे लादणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली दाखवलं की गणिताची भीती डोक्यातली तीच तोकडी जागा अडवते, जी आकडेमोडीला हवी असते. म्हणजे घाबरलेलं मूल आपल्या खऱ्या कुवतीपेक्षा वाईट सोडवतं, आणि आपण तो निकाल खरा धरून त्याला आणखी घाबरवतो. घाईत मूल अंदाजाने ठोकून देतं, आणि पुन्हा पुन्हा ठोकलेलं चुकीचं उत्तरही तितक्याच निष्ठेने लक्षात राहतं. म्हणूनच ‘बोटं मोजू नकोस’ हा घरोघरी ऐकू येणारा दटावणीचा सूर मला अतिशय घातक वाटतो. बोटांवर मोजून ८ + ७ चे १५ बरोबर काढणारं मूल दर वेळी ८, ७ आणि १५ यांची गाठ घट्ट करत असतं. ती गाठ पक्की झाली की बोटं आपोआप गळून पडतात. आधीच हात पाठीमागे बांधले, तर ते कधी १४ म्हणेल, कधी १६, आणि तिन्ही उत्तरं डोक्यात भांडत बसतील.

मग घरी नेमकं काय करायचं? एक अगदी साधा खेळ सांगते. दहा बटणं घ्या. मुलाने डोळे मिटायचे, आपण काही बटणांवर तळहात ठेवायचा. डोळे उघडल्यावर समोर सहा दिसतात, हाताखाली किती? सुरुवातीला मूल हात उचलायला धावतं. मग बोटांनी सात, आठ, नऊ, दहा मोजून ‘चार’ म्हणतं. थोड्या दिवसांनी सहा दिसताच चार तोंडातून निघतो. पण खरी मजा येते ती भूमिका बदलल्यावर. आता बटणं मूल झाकणार आणि उत्तर आपण द्यायचं, मुद्दाम कधीतरी चुकीचं. ‘आई, परत विचार कर हं!’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब असतो, त्यासाठी त्याला स्वतःला उत्तर पक्कं माहीत असावं लागतं. तपासणारा होण्यासाठी ते आपणहून हिशेब करतं, आणि त्या दहाच्या जोड्या पुढे आयुष्यभर हातच्याच्या प्रत्येक बेरजेत कामाला येतात.

खेळ कसा खेळला जातो यालाही महत्त्व आहे. गीता रमणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ साली गरीब कुटुंबांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकडे ओळीने लिहिलेला पट खेळायला दिला. दुसऱ्या गटाला तसाच, पण आकड्यांऐवजी रंग असलेला पट. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांची जेमतेम चार सत्रं. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. रंगांच्या गटात तसं झालं नाही. यातला बारकावा असा, की पाचव्या घरावरून दोन घरं पुढे जाताना मुलाने ‘एक, दोन’ म्हणायचं नव्हतं, ‘सहा, सात’ म्हणायचं होतं. घरात पट असतो, फासे असतात, आणि आपण वर्षानुवर्षं ‘एक, दोन’ म्हणत सोंगट्या सरकवत राहतो. एवढं बदललं तरी त्याच खेळाचं गणित होतं.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे: खेळात गणितं कमी होतात. एका पानावर तीस बेरजा असतात, बटणांच्या एका डावात तेवढ्या वेळात दहा. मान्य. पण पानावरच्या तीस बेरजांपैकी एकीच्याही उत्तराची मुलाला काही पडलेली नसते. संध्याकाळी कुणीतरी लाल खूण करेल तेव्हा बघू. खेळात चूक तिथल्या तिथे कळते, कारण पुढची चाल तिच्यावर उभी असते. शिवाय पान संपलं की मूल सुटल्यासारखं उठतं, आणि डाव संपला की ‘अजून एक’ म्हणतं. महिन्याच्या शेवटी कोणाचा सराव जास्त झाला, याचा हिशेब घालायला हवा.

त्याहून अवघड आक्षेप दुसऱ्या तटाकडून येतो. सगळ्या पालकांना कुठे वेळ आहे? आणि ज्यांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे त्यांनी काय करावं? ॲप निदान चुकत नाही आणि चिडत नाही. या आक्षेपाला पाठबळही आहे. एरिन मलोनी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात पहिली-दुसरीतल्या मुलांबद्दल असं दिसलं, की गणिताची भीती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करतात तेव्हा मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांची भीती वाढते. वाचायला त्रास होतो, पण समजण्यासारखं आहे. वही समोर घेऊन बसलेल्या आईबाबांचा उसासा मुलाला सगळ्यात आधी ऐकू येतो. मात्र त्याच वर्षी, याच संशोधकांच्या वर्तुळातून शिकागोच्या परिसरातल्या ५८७ पहिलीच्या मुलांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात एक ॲपच वापरलं होतं: छोटासा मजकूर, त्यावर गणिताचे प्रश्न, आणि ते पालक-मुलाने मिळून वाचायचे. मुलांची प्रगती झाल्याचं, आणि भीती असलेल्या पालकांच्या मुलांना विशेष फायदा झाल्याचं त्यात मांडलं आहे. त्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, तेव्हा मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर एवढं म्हणता येतं, की घाबरलेल्या पालकाने गणितापासून लांब राहण्याची गरज नाही. त्याने मास्तरच्या खुर्चीतून उठण्याची गरज आहे. गृहपाठात पालक तपासनीस असतो, तिथे त्याची भीती उघडी पडते. खेळात तो भिडू असतो. भिडूला हरता येतं, चुकता येतं, ‘थांब, मलाही मोजू दे’ म्हणता येतं. ॲप न चुकणारं आहे हाच त्याचा तोटा आहे: त्याची चूक पकडायची संधी मुलाला कधीच मिळत नाही.

आणि ज्यांना पाचवी-सहावीतल्या मोठ्या मुलांसाठी काही हवं आहे, त्यांनी एकवीस काड्यांचा जुना खेळ काढावा. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन काड्या उचलायच्या. शेवटची काडी उचलेल तो जिंकला. पहिले काही डाव मूल मनाला येईल तशा काड्या उचलतं. मग त्याच्या लक्षात येतं की आपल्यासमोर चार उरल्या की आपण मेलो. काही डावांनी कळतं की आठ उरल्या तरी तेच, बारा उरल्या तरी तेच. चार, आठ, बारा, सोळा, वीस. एकदा हे हाती लागलं की ते आपली पहिली चाल मागून घेतं, एकच काडी उचलतं आणि वीस समोर ठेवून आपल्याकडे बघत बसतं. आता ‘सांग बरं का’ एवढं विचारलं तर जे उत्तर येईल त्यात वजाबाकी, चारचा पाढा आणि सिद्धता, तिन्ही असतात. हे डावपेच पाठ झाले की खेळ संपला असं वाटेल, पण मुलं तिथे थांबत नाहीत. ती नियम बदलतात. शेवटची काडी उचलेल तो हरला असं ठरवलं तर? पुन्हा सगळं मांडावं लागतं. आता समोरच्यापुढे एक, पाच, नऊ, तेरा, सतरा ठेवायच्या, आणि एकवीस काड्यांपासून सुरुवात असेल तर पहिली चाल मागून घेणाराच अडकतो.